नादारीचा आदेश झाल्यावर बँकेचे रोजचे व्यवहार कसे चालवायचे? (नागपूर)

गांधीबाग_ठोक
नमस्कार मंडळी. कापडाचं भागीदारीतलं दुकान बंद झालं. जिल्हा न्यायालयाने नादार (कर्ज फेडू न शकणारा) ठरवल्याचा आदेश दिला आहे, रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयाचा माणूस) नेमला आहे, डिस्चार्ज (जुन्या कर्जातून सुटकेचा आदेश) अजून बाकी आहे. आता हिंगणा एमआयडीसीत नोकरी आहे, हातात पगार २२,००० रुपये. तो ज्या बँकेच्या बचत खात्यात येतो त्याच बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठी घेतलेलं कर्ज) थकलेलं आहे. आदेशानंतरचा पगार जमा झाला आणि लगेच त्यावर लीन लागला, म्हणजे बँकेने ती रक्कम अडवून ठेवली. शिल्लक दिसते, पण एटीएममधून निघत नाही. दुसरीकडे एका फायनान्स कंपनीचं मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) दर महिन्याला परत जातं आणि त्याचे चार्जेस खात्यात चढत जातात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नवीन खातं उघडताना बँक सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) पाहते का? पगार बायकोच्या खात्यात घे असं बरेच जण सांगून राहिले, ते चालेल का? आणि लीन लागलेले पैसे सुटू शकतात का? नेमकी माहिती असेल त्यांनीच लिहावं ही विनंती.

पासबुक_वाचक
भाऊ, सगळ्यात आधी पगाराची वाट बदला. लीनचं भांडण मागाहून लढता येतं, पण पुढचा पगार त्याच खात्यात पडला तर तोही अडकेल.

हे का होतं ते समजून घ्या. कर्ज घेताना सह्या केलेल्या करारात बँकेला ‘सेट-ऑफ’चा हक्क दिलेला असतो. म्हणजे त्याच बँकेतल्या तुमच्या कुठल्याही खात्यातली रक्कम थकबाकीकडे वळवायची मुभा. त्यासाठी बँकेला कोर्टात जावं लागत नाही. काउंटरवरच्या माणसाच्या हातात तर काहीच नसतं, कारण कर्जखातं एनपीए (थकीत) झालं की बचत खात्यावर खूण पडते आणि जमा झालेली रक्कम ‘उपलब्ध शिल्लक’मधून वजा दिसते. म्हणून ज्या बँकेचं तुमच्याकडे काहीच येणं नाही अशाच बँकेत खातं हवं.

बचत खात्याला सिबिल लागत नाही. बचत खातं सिबिलच्या अहवालात येतच नाही. आधार, पॅन, फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर एवढं पुरतं. पॅन नसेल तर फॉर्म ६०. सिबिल तपासलं जातं ते क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट आणि बऱ्याचदा चालू खात्यासाठी. म्हणून फॉर्म भरताना एक काळजी घ्या: क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, ‘प्री-अप्रूव्हड’ असल्या चौकोनांत टिक नको. काउंटरवरून फॉर्म भरून देतात तेव्हा ते टिक आपोआप पडलेले असतात. सही करायच्या आधी पान उलटून पाहा.

मागताना ‘बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट’ असंच म्हणा, ‘झिरो बॅलन्स’ एवढंच नको. झिरो बॅलन्सच्या नावाखाली पगार खातं दिलं जातं, आणि नोकरी सुटून काही महिने पगार आला नाही की त्याचं साधं बचत खातं होऊन किमान शिल्लक लागू होते. बेसिक खात्याला किमान शिल्लकच नसते, एटीएम कार्ड फुकट असतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. अट एकच: त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं.

अजून एक सोपी वाट म्हणजे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही, त्यामुळे तिचं स्वतःचं कर्ज तुमच्याकडे कधी थकणार नाही आणि सेट-ऑफचा प्रश्नच येत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओपासून गल्लीतल्या पोस्टापर्यंत कुठेही उघडता येतं. दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, पण २२,००० च्या पगाराला ती अडचण नाही.

खातं उघडल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी नव्या खात्यात थोडी रक्कम भरा आणि ती दिसते का ते पाहा. मग एचआरला नव्या खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत द्या, तीही पगारपत्रक बनायच्या आधी. त्या महिन्याची यादी बँकेला गेली असेल तर पगार जुन्याच खात्यात पडतो, म्हणून एचआरला ‘या महिन्यापासून की पुढच्या?’ असं ईमेलवर विचारून उत्तर घ्या. त्यानंतर यूपीआय अ‍ॅपमधून जुनं खातं काढा आणि नवं ‘प्रायमरी’ करा. नाही तर कुणी मोबाइल नंबरवर पैसे पाठवले की ते जुन्याच खात्यात जातात. पीएफच्या पोर्टलवर केवायसीमध्ये नवं खातं टाका. इन्कम टॅक्स रिफंड यायचा असेल तर ई-फायलिंग पोर्टलवरही नवं खातं ‘व्हॅलिडेट’ करून रिफंडसाठी निवडा. आधार, पॅन आणि पासबुकवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी पीएफचं केवायसी अडकतं, तेव्हा खातं उघडतानाच नाव आधारप्रमाणे लिहून घ्या.

जुनं खातं लीन असेपर्यंत बंद होणार नाही, पण ते बेसिक खात्यात बदलून द्या असा लेखी अर्ज करा. बँकेला तो मान्य करावा लागतो आणि किमान शिल्लकेचा दंड थांबतो. असा दंड लावून बचत खातं उणे करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

न्यायमंदिर_परिसर
वरचं बँकेच्या अंगाने बरोबर आहे. कायद्याची बाजू लिहितो, कारण नेटवर वाचायला मिळतं त्यातलं निम्मं मुंबईचं किंवा कंपन्यांचं असतं.

नागपूरला प्रांतिक नादारी कायदा, १९२० लागू आहे. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा आहे. २०१६ चा दिवाळखोरी संहितेचा जो भाग व्यक्तींसाठी आहे, तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला. भागीदारीतल्या दुकानदाराचा त्याच्याशी संबंध नाही.

लीनबद्दल. १९२० च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नादार ठरवल्यावर तुमची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि जुन्या कर्जासाठी कुठलाही धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्याविरुद्ध कारवाई करू शकत नाही. तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क मात्र शाबूत राहतो, म्हणजे गाडीचं किंवा घराचं कर्ज असेल तर ते वेगळं. परस्पर हिशेबाची वजावट कलम ४६ मध्ये आहे, पण ती आदेशापूर्वीच्या देण्याघेण्याची. आदेशाच्या तारखेला खात्यात जी शिल्लक होती तिच्यावर बँक दावा सांगेल. त्यानंतर जमा झालेला पगार जुन्या कॅश क्रेडिटकडे वळवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यावर ठाम हरकत घेता येते.

हरकत तोंडी घेऊ नका. नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, तीन-चार प्रती लागतील. शाखा व्यवस्थापकाला पत्र द्या. त्यात नादारी अर्जाचा क्रमांक, आदेशाची तारीख, रिसीव्हरचं नाव-पत्ता, पगार जमा झाल्याची तारीख आणि रक्कम असू द्या, आणि बँकेकडून लेखी मागा: लीनची रक्कम, लावल्याची तारीख, कोणत्या कर्जखात्यासाठी आणि कराराच्या कोणत्या कलमाखाली. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सहीशिक्का घ्या. एक प्रत रिसीव्हरला. बँकेने दाद दिली नाही तर रिसीव्हरमार्फत किंवा वकिलामार्फत त्याच नादारी न्यायालयात अर्ज करायचा.

बायकोच्या खात्यात पगार घेणं: नको. आदेशानंतर आणि डिस्चार्जच्या आधी मिळणारी मालमत्ताही कलम २८(४) प्रमाणे रिसीव्हरकडे जाते. ती दुसऱ्याच्या नावावर वळवली की लपवाछपवीचा आरोप येतो, आणि डिस्चार्जच्या वेळी धनको नेमका तोच मुद्दा काढतात. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेली हस्तांतरंही कलम ५३ खाली रद्द होऊ शकतात. वहिनींचं स्वतःच्या कमाईचं खातं स्वतंत्र राहू द्या, त्यात तुमचा रुपया मिसळू नका. त्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार असतील तर त्यांच्यासाठीही वेगळ्या बँकेचा विचार आताच करा.

पगार सगळाच जाणार का, ही भीती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मोकळे आहेत. तुमच्या २२,००० मध्ये १,००० बाजूला काढले की २१,००० उरतात, त्याचे दोन तृतीयांश १४,०००. म्हणजे १५,००० ला हात लागत नाही, ७,००० वर दावा होऊ शकतो. पण पगाराच्या खात्यात उसने पैसे, जुनी वसुली, भावाने पाठवलेली रक्कम असं सगळं एकत्र झालं की कोणता पैसा पगाराचा हे सिद्ध करत बसावं लागतं. त्या खात्यात पगाराशिवाय दुसरं काही येऊ देऊ नका.

आणि नादारी कायद्याचं कलम ७२ अक्षरशः पाठ करा. डिस्चार्ज न झालेल्या नादाराने, आपण नादार आहोत हे न सांगता, ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ५० चा आकडा १९२० चा आहे आणि आजही तोच आहे. जनधन खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट, अ‍ॅपवरचं ‘आता घ्या, नंतर द्या’, किराण्याची महिन्याची उधारी, सगळं यात बसतं. मोबाइल प्रीपेड ठेवा, किराणा रोखीने घ्या.

नवीन खातं उघडलं की रिसीव्हरला एका पत्राने कळवा: बँक, शाखा, खातं क्रमांक, कशासाठी उघडलं. त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मालमत्तेची माहिती देणं हे तुमचं कर्तव्य आहे, आणि पुढे डिस्चार्जच्या सुनावणीत हीच पोच कामी येते.

महाल_चौक
दोन्ही उत्तरं उत्तम. एक खड्डा राहिला आहे, तो म्हणजे बँकांचं विलीनीकरण. ‘दुसरी बँक’ म्हणून जिथे जाल ती आता तीच बँक असू शकते. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत, त्याच दिवशी सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. देना आणि विजया त्याच्या एक वर्ष आधी बँक ऑफ बडोदात. विलीन झालेल्या बँकेचं जुनं कर्ज नव्या बँकेच्या सिस्टिममध्ये तुमच्याच ग्राहक क्रमांकाखाली दिसतं. म्हणून जुन्या कर्जांची यादी करताना प्रत्येक बँकेचं आजचं नाव समोर लिहा आणि मगच बँक निवडा. भागीदारीच्या फर्मने घेतलेलं कर्जही यादीत धरा, भागीदार म्हणून ते तुमच्यावरही आहे.

दुसरं, आधार सीडिंग. सरकारी अनुदान खातं क्रमांकावर जात नाही. आधारला शेवटी जे खातं ‘सीड’ केलं (अनुदानासाठी जोडलं) तिकडे जातं. गॅसची सबसिडी, शिष्यवृत्ती, शेतीचं अनुदान तुम्ही कुठलाही खातं क्रमांक दिला तरी जुन्या बँकेत पडून लीनखाली जाईल. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि ते डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या अनुदानासाठी) ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँकेतसुद्धा यात गल्लत होते. नव्या बँकेत सीडिंगचा संमती फॉर्म वेगळा भरा, त्यात ‘आधीच्या बँकेतून इकडे हलवा’ हा पर्याय निवडून जुन्या बँकेचं नाव लिहा. आठवड्याभराने आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे नव्या बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की काम झालं.

गांधीबाग_ठोक
फार मदत झाली. यादी केली तर एक जुनं कर्ज खरंच विलीन झालेल्या बँकेचं निघालं, म्हणून पोस्टाचं खातं पक्कं केलं. आता मँडेटचं सांगा. पासबुकात महिन्यातून दोन-दोन वेळा ‘एसीएच रिटर्न चार्ज’ अशी नोंद आहे. खातं रिकामं ठेवलं तर ते आपोआप थांबेल का? शिवाय दोन पुरवठादारांकडे सही केलेले कोरे चेक पडले आहेत.

पासबुक_वाचक
आपोआप थांबत नाही. कंपनी मँडेट पुन्हा पुन्हा सादर करू शकते, आणि प्रत्येक वेळी बँक चार्ज लावते, वर १८ टक्के जीएसटी. दोन नोंदी येतात त्या याच: एकाच हप्त्याची दोनदा सादर केलेली मागणी.

रद्द करायला मँडेटचा यूएमआरएन क्रमांक (प्रत्येक मँडेटचा स्वतंत्र नंबर) लागतो. स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीच्या वर्णनात तो बऱ्याचदा असतो, नाही तर नेट बँकिंगमधल्या मँडेटच्या यादीत किंवा शाखेत मिळतो. ज्या बँकेत खातं आहे तिथे ‘मँडेट रद्द करा’ असा अर्ज, सोबत आदेशाची नक्कल. त्याच दिवशी फायनान्स कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने कळवा की नादारीचा आदेश झाला आहे, मागणी रिसीव्हरकडे नोंदवावी. शाखेत ‘कंपनीची एनओसी आणा’ म्हणतात. मँडेट खातेदाराच्या सूचनेवर त्याच्या बँकेतूनही रद्द होतं, तेव्हा अर्जाची पोच घेऊनच बाहेर पडा. यूपीआय ऑटोपे दिला असेल तर तो अ‍ॅपमध्ये वेगळा रद्द करावा लागतो, मँडेटच्या अर्जाने तो जात नाही.

न्यायमंदिर_परिसर
खातं रिकामं ठेवून गप्प बसणं धोक्याचं आहे. शिल्लक नाही म्हणून मँडेट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखीच कारवाई होऊ शकते. चेकचंही तसंच, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. नादारीच्या आदेशाने ही फौजदारी तक्रार आपोआप थांबत नाही. म्हणून पुरवठादारांना आत्ताच लेखी कळवा: चेक क्रमांक, ते कोरे आणि तारणापोटी दिले होते, नादारीचा आदेश झाला आहे, चेक परत करावेत आणि मागणी रिसीव्हरकडे नोंदवावी. नोटीस आलीच तर त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. नोटीस न घेता परत पाठवली तरी ती मिळाल्याचं धरलं जातं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००.

जामीनदारांना अंधारात ठेवू नका. तुमचा डिस्चार्ज झाला तरी नादारी कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे जामीनदार आणि भागीदार सुटत नाहीत, आणि त्यांची खाती त्याच बँकेत असतील तर पुढचा लीन तिथे लागतो. डिस्चार्जचा अर्जही विसरू नका. आदेशातच त्यासाठी मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत अर्ज केला नाही तर कलम ४३ खाली नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा मोकळे होतात. ती तारीख नक्कल हातात आली की लगेच कॅलेंडरवर टाका.

महाल_चौक
वसुलीवाल्यांचं राहिलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. घरी येणाऱ्याकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कारखान्यातल्या साहेबाला फोन करून बदनामी करायला बंदी आहे. आलेल्याला आदेशाची झेरॉक्स आणि रिसीव्हरचा पत्ता द्या, त्याच्या हातात रोख एक रुपयाही देऊ नका. एका धनकोला परस्पर दिलेले पैसे बाकीच्यांच्या डोळ्यांत येतात आणि डिस्चार्जला आड येतात. कॉलची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहून ठेवा, तक्रारीला तीच वही लागते.

तक्रार करायची तर आधी बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा फेटाळलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही. चौकशीसाठी १४४४८. न्यायालयात जो मुद्दा चालू आहे तो लोकपाल ऐकत नाही, त्यामुळे तक्रार सेवेतल्या चुकीपुरती ठेवा: चार्जेस, मँडेट रद्द न करणं, लीनची लेखी माहिती न देणं. पगारावरचा हक्क कुणाचा हे नादारी न्यायालयच ठरवेल.

पासबुक_वाचक
शेवटचं, सिबिलबद्दल. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चारही काढा, कारण एकीत कर्ज ‘रिटन ऑफ’ (बुडीत म्हणून हिशेबातून काढलेलं) असतं तर दुसरीत अजून दर महिन्याचा हप्ता चुकलेला दिसतो. खातं क्रमांक, थकीत रक्कम, शेवटच्या भरण्याची तारीख जुळवून पाहा, आणि चूक दिसली तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. बरोबर असलेली नोंद मात्र कुणीही पुसून देऊ शकत नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणारे एजंट फक्त फी घेतात, आणि आधार-पॅनच्या प्रती त्यांच्याकडे राहतात तो धोका वेगळाच.

डिस्चार्ज झाल्यावर त्या आदेशाची प्रमाणित नक्कल प्रत्येक बँकेला पाठवून नोंद सुधारायला सांगा. त्यानंतरच मुदत ठेवीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाचा विचार करा. ठेव तारण असल्याने ते कमी स्कोअरवरही मिळतं. काही बँकांत १५,००० ची ठेव पुरते, आणि मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त न वापरता बिल पूर्ण भरत जायचं. ठेवही अशा बँकेत करा जिचं जुनं काही येणं तुमच्याकडे नव्हतं.

गांधीबाग_ठोक
मँडेटचा अर्ज आणि बँकेचं पत्र दोन्ही तयार केलं. पत्रात कर्जखात्याचा क्रमांक मी स्वतः लिहायचा की बँकेला विचारायचा?

न्यायमंदिर_परिसर
नादारी अर्जासोबतच्या धनकोंच्या यादीत जो लिहिला आहे तोच लिहा, आणि ‘लीन याच खात्यासाठी आहे की दुसऱ्या, ते लेखी कळवावं’ हे वाक्य घाला. दोन्ही ठिकाणचा क्रमांक वेगळा निघाला तर आधी रिसीव्हरला दाखवा, मग पत्र द्या.